ख्रिस्ती गीतें, पियानो आणि आपल्या चाली



आजचा विषय प्रथमदर्शनीं थोडासा परका वाटण्याचा संभव आहे. पियानोवर ख्रिस्ती उपासनेचीं गीतें वाजवावयास कसें शिकावें, हा प्रश्न खानदेशांतील श्रोत्यांपुढें मांडणें म्हणजे कापसाच्या पेठेंत लोंकरीचा भाव सांगण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. परंतु तापीच्या खोऱ्यांतून सुरतेहून जळगांवाकडे येणारा लोहमार्ग डोळ्यांपुढें आणावा. नवापूर, नंदुरबार, नरडाणा, अमळनेर अशीं स्टेशनें मागें टाकीत तो येतो. या मार्गाच्या दोन्ही अंगांस लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या कित्येक पिढ्यांपासून नांदत आहेत आणि सामुदायिक गायन हा त्यांच्या उपासनेचा प्राण आहे. पूर्वीं तेथें पेटी होती. आतां विजेवर चालणारा व पियानोसारखा बोलणारा कीबोर्ड खेडोपाडीं पोंचला आहे. त्याच्या पट्ट्यांवर बोटें ठेवणाऱ्या तरुणानें कोणतीं गीतें उचलावीं व कोणतीं सोडून द्यावीं, हा केवळ बोटांच्या सरावाचा प्रश्न नाहीं. एका ठेव्याचें जतन त्यावर अवलंबून आहे, आणि तो ठेवा मराठी भाषेचा आहे.

कोणत्याहि गीताचे दोन भाग असतात, शब्द आणि चाल. शब्द कागदावर राहतात; चाल लिहून ठेवली नाहीं तर ती गळ्यांत राहते, आणि गळा माणसाबरोबर जातो. मराठी ख्रिस्ती गीतांचा इतिहास पाहूं लागलें कीं एक गोष्ट वारंवार नजरेस येते. परदेशांतून आलेलें गीत शब्द व चाल अशा दोन्ही अंगांनीं छापलेलें आलें. आपल्या मातींत उगवलेल्या गीताचे मात्र शब्दच तेवढे छापले गेले.

या इतिहासाचा आरंभ गोमंतकांत झाला. थॉमस स्टीफन्स नांवाचा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ सालीं गोव्यास आला, मराठी शिकला, आणि १६१६ सालीं त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें छापून निघालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन लिपींत छापलेला असला तरी त्याची वाणी व त्याचा छंद अस्सल मराठी आहे. देवळांतून तो गाऊन वाचला जाई. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें देशी भाषांविरुद्ध फर्मान काढलें. त्या जुन्या छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांच्या आधारें ग्रंथ वांचला आणि १९०७ सालीं मंगळूर येथें पुन्हां छापला गेला. शब्द वांचले ते कोणीतरी ते उतरून घेतले म्हणून. त्याच गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्य पद्धतीनें स्वर वाचावयास व लिहावयास शिकवीत. त्या शिक्षणांतून तयार झालेले वादक पुढें मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि चित्रपटांच्या संगीतांत पिढ्यान्‌पिढ्या नांवाजले गेले. एकाच भूमींत, एकाच धर्माच्या छायेंत, एक संगीत लिहून शिकविलें गेलें व दुसरें ऐकून. पहिल्याची परंपरा कागदावरून आपल्याला दाखवितां येते. स्टीफन्सच्या ओव्या त्या वेळीं कोणत्या सुरांत घुमत होत्या, हें दाखविणारी स्वरलिपि मात्र नाहीं.

दुसरा प्रवाह मुंबईस सुरू झाला. १८१३ च्या फेब्रुवारींत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. १८३१ सालीं त्यांच्या मिशननें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें ठाणें घातलें, आणि १८४२ सालीं तेथूनच ‘ज्ञानोदय’ पत्र निघूं लागलें. या मंडळींनीं आयझॅक वॉट्स व चार्ल्स वेस्ली यांच्या परंपरेंतील इंग्रजी स्तोत्रें आपल्याबरोबर आणलीं. त्यांचीं मराठी भाषांतरें करून तीं मूळच्याच चालींवर बसविण्यांत येऊं लागलीं. येथें एक मोठी अडचण उभी राहिली, आणि पियानो शिकणाऱ्यास ती आजहि भेटते.

इंग्रजी स्तोत्राचा एक अत्यंत रूढ छंद घ्या. त्याच्या चार चरणांत आठ, सहा, आठ, सहा अशीं अक्षरें असतात, आणि एक अक्षर हलकें तर पुढलें आघाताचें, असा त्याचा झोंक असतो. मराठी छंद आघातावर उभे नाहींत. ओवी-अभंगांत अक्षरसंख्येची सैलसर शिस्त असते, पदांत मात्रांचा हिशेब असतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाचें भान सर्वत्र असतें. आतां ‘करुणा’ हा साधा शब्द इंग्रजी चालींत बसवून पाहा. अक्षरें तीन आहेत, तीं मोजून बसतील. परंतु लांबविण्याचा सूर ‘क’ वर आला आणि ‘णा’ हें दीर्घ अक्षर एका झटक्यांत संपलें, तर गाणाऱ्याच्या तोंडीं ‘कऽरुण’ असें कांहीं तरी भलतेंच येतें. असें गीत शब्दानें मराठी असूनहि कानाला परकें लागतें.

ही उणीव ज्यांना जाणवली त्यांनीं कीर्तनाकडे धांव घेतली. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ख्रिस्ती आख्यानें कीर्तनाच्या पद्धतीनें रंगविलीं व त्यांसाठीं पदें रचलीं. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग आणि मध्येंच श्रोत्यांनीं उचलून धरावयाचें पद ही सारी सामग्री महाराष्ट्राच्या घरचीच होती. यानंतर नारायण वामन टिळक आले. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पुढें कित्येक वर्षें अमेरिकन मिशनच्या छायेंत अहमदनगरास ते राहिले; १९१९ सालीं मृत्यु येईपर्यंत ते लिहीत राहिले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों, असा त्यांचा भाव होता. आणि त्यांच्या भजनांत अभंगाचें वळण सहज उतरलें. ‘उपासना-संगीत’ या मराठी गीतसंग्रहांत त्यांचीं शंभराहून अधिक गीतें आहेत. लक्ष्मीबाई टिळकांनींहि कीर्तनें केलीं व पतीच्या मागें त्यांचें ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केलें. या गीतांमुळें मराठी ख्रिस्ती मनुष्य आपल्या भाषेंत आणि आपल्या सुरांतहि प्रार्थना करूं लागला.

आतां खानदेशाकडे वळूं. १९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व भाग म्हणजे आजचा जळगांव जिल्हा; पश्चिम भागांतून पुढें धुळें व, १९९८ पासून, नंदुरबार असे दोन जिल्हे झाले. वऱ्हाड व पूर्व खानदेशांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेनें काम केलें. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे स्वतः गीतकार होते. पश्चिम खानदेशांत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत स्वीडिश व अमेरिकेंतील स्कँडिनेव्हियन मिशनरी आले. त्यांपैकीं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन ही संस्था १८९० सालीं शिकागो येथें फ्रेड्रिक फ्रान्सन यांनीं स्थापिली होती, आणि फ्रान्सन हे डी. एल. मूडी या प्रख्यात उपदेशकाच्या प्रभावाखालीं वाढलेले गृहस्थ होते.

मूडींचें नांव निघालें कीं आयरा सँकीचें नांव घ्यावें लागतें. हे दोघे १८७३ ते १८७५ या काळांत इंग्लंड-स्कॉटलंडमध्यें गांवोगांव हिंडले. मूडींनीं बोलावें आणि सँकीनें पायानें भाता हलवावयाच्या एका लहानशा पेटीवर बसून गावें, असा क्रम होता. त्या गीतांना इंग्रजींत गॉस्पेल गीतें म्हणतात. आपण त्यांना शुभवर्तमानाचीं गीतें म्हणूं. जुन्या स्तोत्रापेक्षां हीं सोपीं असतात. एक कडवें, मग सर्वांनीं मिळून म्हणावयाचें पालुपद, पुन्हां कडवें, अशी त्यांची घडण. सँकीचा संग्रह १८७३ सालीं चोवीस पानांची पुस्तिका म्हणून निघाला आणि वाढतां वाढतां बाराशें गीतांचा ग्रंथ झाला. त्याच शिकागो शहरांत पुढें १९३० नंतरच्या दशकांत टॉमस डॉर्सी या कृष्णवर्णी पियानोवादकानें ब्लूज नांवाच्या लोकसंगीताचा रंग या गीतांना दिला, आणि आज जगभर गॉस्पेल म्हणून जी वादनशैली ओळखली जाते ती बहुतांशीं त्या वळणाची आहे. तेथेंहि तिचे बारकावे पुस्तकापेक्षां कानानें व संगतीनेंच अधिक पसरले, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

गीतें आलीं, तशीं वाद्येंहि आलीं. पियानो हें इटलींतील फ्लॉरेन्स येथें १७०० च्या सुमारास बार्टोलोमेओ क्रिस्टोफोरीनें सिद्ध केलेलें वाद्य. त्यांत सुमारें सव्वादोनशें तारा असतात आणि पट्टी दाबली कीं लोंकरीच्या नमद्यानें मढविलेली हातोडी तारेवर पडते. आपल्या पावसाळ्यांत त्याचें लांकूड फुगतें, तारा गंजतात, नमदा कसर खाते. आणि तारा जुळवून देणारा कारागीर मोठ्या शहराबाहेर मिळत नाहीं. म्हणून खेड्यापर्यंत पियानो पोंचला नाहीं, पेटी पोंचली. फ्रान्समध्यें अलेक्झांडर देबें यानें १८४० च्या सुमारास हार्मोनियम तयार केला. तो पायानें वाजवावयाचा होता. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं १८८४ च्या सुमारास भाता मागें लावून, जमिनीवर बसून एका हातानें वाजवितां येईल अशी हातपेटी घडविली आणि हें वाद्य हिंदी बैठकींत येऊन बसलें. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून वाढत गेलेल्या संगीत रंगभूमीनें पुढें त्याला महाराष्ट्रांत घरोघर नेलें, गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनीं त्याला प्रतिष्ठा दिली.

परंतु पेटीच्या सुरांविषयीं जाणत्यांच्या मनांत पहिल्यापासूनच शंका होती, आणि नभोवाणीच्या श्रोत्यांना तर हें प्रकरण माहीत असावें. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनें आपल्या संगीतांतून हार्मोनियम बंद केला. ती बंदी सुमारें तीस वर्षें राहिली व नंतर टप्प्याटप्प्यानें सैल झाली. या वादाचें कारण थोडक्यांत असें. एका सप्तकाचे बाराशें सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्याशीं तंतोतंत मिळणारा शुद्ध गंधार सुमारें ३८६ व्या भागावर येतो. पियानोच्या व तशाच रीतीनें लावलेल्या पेटीच्या पट्टींतील गंधार ४०० वर बसतो. शिवाय पट्टीवर मींड निघत नाहीं. एक सूर संपतो, दुसरा सुरू होतो, मधला रस्ता नाहीं. पट्टीचें वाद्य भजनाला साथ देऊं शकतें, पण भजन कसें गावें हें तें एकटें शिकवूं शकत नाहीं.

ही पार्श्वभूमि घेऊन आतां शिकणाऱ्याच्या शेजारीं बसूं. परदेशी स्तोत्र छापील चार आवाजांत मिळतें. वरचे दोन आवाज उजव्या हातानें आणि खालचे दोन डाव्या हातानें वाजवावयाचे. चाल सर्वांत वरच्या आवाजांत, म्हणजे बहुधा उजव्या हाताच्या करंगळीकडे असते. ती सर्वांत दुबळ्या बोटाच्या वाट्यास आल्यामुळें इतर सुरांखालीं दबते. म्हणून प्रथम चाल एकटी वाजवून तोंडानें म्हणावी. मग सर्वांत खालचा आवाज डाव्या हातांत घ्यावा. तो चालीबरोबर निर्वेध चालूं लागला कीं मधले दोन भरावे. पेटीचा सूर भाता हलेपर्यंत टिकतो. पियानोचा सूर उमटतांच विरूं लागतो. म्हणून पियानोवर फार संथ वाजविल्यास गीत तुटतें. गाणाऱ्यांच्या श्वासाचा अंदाज घेऊन लय धरावी.

शुभवर्तमानाचीं गीतें याहूनहि सोपीं. पांढरी एक हा षड्ज धरला, तर सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे या तीन स्वरसंघांत शुद्ध सप्तकाचे सातहि स्वर येऊन जातात. त्यामुळें त्यांतील पुष्कळशा गीतांना एवढे तीन संघ पुरतात, आणि थोड्याच महिन्यांच्या सरावानें नवशिका मंडळीला साथ देऊं लागतो. या यशाचा आनंद योग्यच आहे. परंतु धोका तेथेंच आहे. हे तीन संघ हातीं आले कीं शिकणारा ते प्रत्येक गीतावर घालूं लागतो.

समजा, पुढचें भजन भूप रागाच्या वळणाचें आहे. भूपांत सा, रे, ग, प, ध हे पांचच स्वर; मध्यम नाहीं, निषाद नाहीं. त्याखालीं म-ध-सा हा संघ घातला कीं वर्ज्य मध्यम घरांत आला; प-नि-रे घातला कीं निषाद आला. गळा भूप म्हणतो आहे आणि डावा हात कांहीं निराळेंच बोलतो आहे. मंडळी बिचारी पट्टीच्या मागें जाते, कारण वाद्याचा आवाज मोठा असतो. दोन-चार वर्षांत त्या भजनाचा भूप पुसट होतो. त्याच्या मुरकती जातात, ठेका सरळसोट होतो, आणि शेवटीं तें परदेशी गीताच्या साच्यांत बसून जातें. यांत कोणाचाहि दुष्ट हेतु नसतो. जें पुस्तकावरून शिकतां येतें तें हातांत बसतें, आणि जें ऐकूनच शिकावें लागतें त्याची जागा तें घेतें.

यावर उपाय कठीण नाहीं. अशा भजनांत डाव्या हातानें तंबोऱ्याचें काम करावें. सा आणि प हे दोनच सूर मंदपणें धरावे, विरूं लागले कीं हळूच पुन्हां छेडावे. उजव्या हातानें गाणाऱ्याच्या मागून जावें, पुढें धांवूं नये. राग ओळखतां येत नसेल, तर चालींत जे स्वर येतात त्यांची यादी करावी आणि त्या यादीबाहेरचा एकहि स्वर डाव्या हातांत येऊं देऊं नये. एवढ्या एका नियमानें पुष्कळ हानि टळेल.

परंतु मुळांत चालच ठाऊक नसेल तर काय? येथें आपण विषयाच्या गाभ्याशीं आलों. आपल्या जुन्या गीतसंग्रहांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असें लिहून एखाद्या प्रसिद्ध पदाचे पहिले दोन शब्द छापण्याची रीति होती. नाटकांच्या पुस्तकांत तीच, कीर्तनाच्या पुस्तकांत तीच. पाश्चात्य स्तोत्रसंग्रहांतहि छंदाची अक्षरसंख्या आणि चालीचें नांव दिलेलें असतें. परंतु त्या नांवाची चाल स्वरलिपींत छापलेली सांपडते. आपल्याकडे ती खूण म्हणजे शेजाऱ्याच्या घराकडे दाखविलेलें बोट. शेजारी तेथें राहत होता तोंवर अडचण नव्हती. ज्या पदाच्या चालीवर हें पद म्हणावयाचें तें सर्वांच्या तोंडीं होतें. तें पद विस्मरणांत गेलें कीं बोट रिकाम्या जागेकडे दाखवीत राहतें. पुस्तक हातांत आहे, शब्द शाबूत आहेत, आणि गीत मात्र मुकें झालें आहे.

खानदेशास या गोष्टीचें मर्म सांगावयास नको. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. जात्यावर, शेतांत त्या गात. मुलगा सोपानदेव व घरांतील आप्त यांनीं त्या ओव्या वहींत टिपून घेतल्या. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या, पुढल्याच वर्षीं पुस्तक निघालें, आणि महाराष्ट्रास एक कवयित्री मिळाली. वही नसती तर ती मिळाली नसती. धुळ्यास राजवाडे संशोधन मंदिरांत व समर्थ वाग्देवता मंदिरांत जुनीं कागदपत्रें आणि हस्तलिखितें जीव लावून जपलीं गेलीं, त्यामागेंहि हीच जाणीव आहे. शब्दांसाठीं आपण एवढें केलें. सुरांसाठीं साधन नाहीं असेंहि नाहीं. विष्णु नारायण भातखंडे व विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं विसाव्या शतकाच्या प्रारंभींच सोप्या स्वरलिपि घालून दिल्या. भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांत शेंकडों चिजा त्या लिपींत छापल्या आहेत. आज तर खिशांतल्या फोनवरहि आवाज टिपतां येतो.

म्हणून पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्या तरुणास माझें सांगणें एवढेंच आहे कीं परदेशी स्तोत्रें अवश्य शिकावींत. त्यांचा चार आवाजांचा मेळ ही मानवजातीची एक सुंदर निर्मिति आहे, आणि बोटांना तिच्याइतकी चांगली शिस्त दुसरी नाहीं. परंतु पुस्तकांतून एक स्तोत्र बसविलें कीं दुसरें भजन मंडळींतील वृद्ध माणसाच्या तोंडून घ्यावें. आजीला म्हणावयास सांगावें, दोनदां, तीनदां. तिची पट्टी काळी पांच असो कीं पांढरी तीन, ती आपण शोधावी, तिला आपल्या पट्टींत ओढूं नये. मग सा रे ग म या अक्षरांत तें लिहावें, खालीं ताल लिहावा, कोणाकडून घेतलें तें लिहावें. एका मंडळीनें वर्षाकाठीं बारा भजनें अशीं लिहिलीं, तर दहा वर्षांत एकशें वीस चालींचें पुस्तक होईल.

टिळकांनीं व सांगळ्यांनीं आपल्या पदांना मराठी सूर दिला, तेव्हां तो जपणारे गळे भोंवतालीं पुष्कळ होते. लिहून ठेवण्याची निकड त्यांना भासली नसावी. आज ते गळे थोडे उरले आहेत. पट्ट्यांवर बसलेल्या तरुणाला स्वर ओळखतां येतात, लिहितां येतात, वाजवितां येतात. हें बळ त्या पूर्वजांपैकीं फार थोड्यांपाशीं होतें. त्यानें तें आपल्या घरच्या चालींसाठीं वापरावें. म्हातारीं माणसें गाण्यास राजी आहेत, तोंवरच हें काम व्हावयाचें आहे.